नोंद झाली, पण निरोप पोचला का? दवाखान्यातल्या टीमने संगणकावरचा केसपेपर कसा वापरावा

शुक्रवारची संध्याकाळ होती, ओपीडी संपत आली होती. एका आजोबांचा रक्ताचा रिपोर्ट सॉफ्टवेअरमध्ये येऊन पडला. पोटॅशियम ६.१. हा आकडा साधारण ३.५ ते ५ च्या आसपास असायला हवा. सहाच्या वर गेला की हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती असते. डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला, 'कृपया बघून घ्या' एवढं लिहिलं आणि 'नर्सिंग' नावाच्या सामाईक इनबॉक्समध्ये पाठवला. मी तो उघडला, तेवढ्यात ड्रेसिंगच्या खोलीतून हाक आली. मी उघडल्यामुळे संदेशाची ठळक अक्षरं साधी झाली. माझ्या जोडीच्या सिस्टरनं ती साधी अक्षरं पाहिली आणि फोन मी केला असणार असं धरून ती घरी गेली.

शनिवारी सकाळी आजोबांची सून पुढच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला आली. आमच्या फार्मासिस्टच्या पडद्यावर औषधांच्या यादीशेजारीच ताजे रिपोर्ट दिसतात. यादीत रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन, दोन्ही पोटॅशियम वाढवणारी औषधं, आणि शेजारी लाल अक्षरात ६.१. त्यानं गोळ्या दिल्याच नाहीत, थेट डॉक्टरांच्या खोलीत गेला. आजोबांना लगेच बोलावून घेतलं, ईसीजी काढला, रक्त पुन्हा तपासायला दिलं, स्पायरोनोलॅक्टोन बंद केलं. आजोबा सुखरूप राहिले.

त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही आळस केला नव्हता. रिपोर्ट तिघांनी पाहिला होता आणि सॉफ्टवेअरमध्ये तिघांच्या नावांची वेळेसकट नोंदही होती. पण ते काम कोणाचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी प्राथमिक दवाखान्यात परिचारिका आहे. आमची टीम छोटी: दोन डॉक्टर, आम्ही दोघी सिस्टर, एक फार्मासिस्ट आणि नोंदणीच्या टेबलावरच्या ताई. त्या शनिवारनंतर आम्ही बसून जे नियम ठरवले आणि पुढे वापरून वापरून सुधारले, ते इथे लिहिते आहे. सॉफ्टवेअर कुठलंही असो, यातलं बहुतेक सगळं करता येतं.

कामावर नाव हवं

सामाईक इनबॉक्स ही काम येऊन पडण्याची जागा आहे, काम राहण्याची नव्हे. त्यात आलेला प्रत्येक संदेश दिवस संपायच्या आत कोणा एका माणसाच्या नावावर गेला पाहिजे. 'नर्सिंग', 'फ्रंट डेस्क', 'सर्व डॉक्टर' ही नावं चालत नाहीत, कारण फोन उचलून बोलणारं माणूस एकच असतं.

संदेशात चार गोष्टी लिहा: कोणी करायचं, नेमकं काय, कधीपर्यंत, आणि जमलं नाही तर पुढे काय. 'कृपया बघून घ्या' या संदेशात यातली एकही नव्हती. तोच संदेश आज आमच्याकडे एका सिस्टरच्या नावावर असा जातो: 'पोटॅशियम ६.१. आजच सहाच्या आत आजोबांना फोन करून बोलावून घ्या, ईसीजी आणि रक्त पुन्हा. स्पायरोनोलॅक्टोनची पुढची गोळी घेऊ नका म्हणून सांगा. फोन लागला नाही तर घरच्या दुसऱ्या नंबरवर करा आणि मला लगेच सांगा.' वाचायला वीस सेकंद लागतात आणि विचारायला काही उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे 'वाचलं' आणि 'झालं' यांतला फरक. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये या दोन वेगळ्या खुणा असतात, पण आपण घाईत पहिलीवरच थांबतो. आमचा नियम असा की काम पूर्ण झालं आणि काय झालं ते एका ओळीत लिहिलं, तरच खूण करायची. 'सुनेशी बोलले, अर्ध्या तासात आणत आहेत, ५.५०' एवढं पुरतं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये न वाचलेला संदेश ठळक आणि वाचलेला पुसट दिसत असेल, तर वाचूनही काम बाकी असलेला संदेश पुन्हा 'न वाचलेला' करून ठेवता येतो का ते पाहा. हे छोटं बटण आम्हाला फार उपयोगी पडलं.

जीवाला धोका असलेला आकडा मात्र नुसत्या संदेशावर सोडायचा नाही. आधी प्रत्यक्ष जाऊन किंवा फोनवर सांगायचं, ऐकणाऱ्यानं तो आकडा परत म्हणून दाखवायचा आणि मग नोंद करायची. पोटॅशियम, खूप कमी साखर, खूप कमी हिमोग्लोबिन, वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेणाऱ्याचा फार वाढलेला आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा): अशा रिपोर्टांची यादी डॉक्टरांकडून मर्यादांसकट लिहून घ्या आणि प्रत्येक संगणकाशेजारी लावा.

सुट्टीचाही विचार आधी करून ठेवा. कोणी रजेवर असेल तर त्याचा इनबॉक्स त्या दिवशी कोण पाहणार, हे सॉफ्टवेअरमध्येच नेमून ठेवता येतं. आम्ही हे रजेच्या अर्जालाच जोडलं आहे. इनबॉक्स कोणाकडे, हे लिहिल्याशिवाय रजा मंजूर होत नाही.

तीन याद्या सगळ्यांच्या

आजार, औषधं आणि ॲलर्जी या तीन याद्या कोणा एका डॉक्टरच्या नसतात. त्या बिघडल्या की बाकी सगळं सुंदर लिहिलेलं असूनही टीम आंधळी होते.

आजारांच्या यादीमागचा विचार जुना आहे. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडलं की केसपेपर तारखेवार साठत जाणारा ढीग नसावा, पेशंटच्या एकेका प्रश्नाभोवती बांधलेला असावा. पेशंट काय सांगतो, तपासणीत काय दिसलं, निष्कर्ष काय, पुढे काय करायचं, हा आजही वापरात असलेला चार भागांचा साचा तिथूनच आला. वीड यांची एक शिकवण मला रोज उपयोगी पडते: प्रश्न जेवढा समजला आहे तेवढाच लिहा. छातीत दुखतंय आणि कारण ठरलेलं नाही, तर 'छातीत दुखणं, कारण ठरायचं आहे' असंच लिहा. 'हृदयविकार?' असं लिहिलं की ते पुढच्या भेटीत, मग पाठवणीच्या पत्रात, मग दुसऱ्या दवाखान्यात जातं, आणि वाटेत कुठेतरी ते प्रश्नचिन्ह गळून पडतं.

यादीत भर कोण घालणार आणि यादीतून काढणार कोण, हे ठरवून टाका. आमच्याकडे निदान डॉक्टरच घालतात. पण 'घरी एकटे असतात', 'ऐकू कमी येतं', 'गोळ्यांच्या पट्टीवरचं वाचता येत नाही' या नोंदी आम्ही सिस्टर घालतो, आणि त्या निदानाइतक्याच वर दिसतात. वर्षातून एकदा, पेशंट समोर असताना, यादी पुसून साफ करतो. तीन वर्षांपूर्वीचा सर्दी-खोकला तिथे राहायचं कारण नाही.

औषधांच्या यादीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त घोळ मी इथेच पाहिले आहेत. पडद्यावर जी यादी दिसते ती लिहून दिलेल्या औषधांची असते. पेशंट घरी काय घेतो ते पिशवीत असतं. म्हणून कायमच्या आजारांच्या प्रत्येक पेशंटला नोंदणीच्या ताई आदल्या दिवशी फोनवर सांगतात: घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, डोळ्यांचे थेंब, चूर्ण, शेजाऱ्यांनी दिलेली गोळी, सगळं.

एका आजींच्या पिशवीतून सात पट्ट्या निघाल्या. मी त्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि आजींना विचारत गेले, "ही कधी घेता? आणि ही?" तिसरी आणि सहावी दोन्ही सकाळच्या. एक निळसर, एक चंदेरी, नावं पूर्ण वेगळी. उलट्या करून बारीक अक्षरं वाचली तर दोन्हीवर ॲम्लोडिपिन, म्हणजे बीपीचं एकच औषध, पाच-पाच मिलिग्रॅम. एक आमच्याकडची, दुसरी त्या एका रुग्णालयात आठवडाभर दाखल होत्या तिथून मिळालेली. आजी दोन महिने दुप्पट डोस घेत होत्या. त्यांचे घोटे सुजले होते, आणि ॲम्लोडिपिनचा डोस वाढला की घोट्यांवर सूज येते हे माहीत असूनही कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आमच्या यादीत डोस पाचच होता. सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली होती. ती गोळी सातव्या पट्टीत होती.

"बाई, मला वाटलं एक बीपीची आणि एक छातीची," आजी म्हणाल्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

यातून आम्ही तीन नियम केले. औषध यादीत मूळ नावानंच लिहायचं, कंपनीचं नाव हवं तर पुढे. प्रत्येक औषधापुढे 'कशासाठी' हा रकाना भरायचाच. 'रक्तदाबासाठी' असं दोनदा दिसलं की फार्मासिस्ट विचारतो. आणि औषध बंद केलं तर कारण लिहायचं. रामिप्रिल कोरड्या खोकल्यामुळे बंद केलं आणि कारण लिहिलं नाही, तर सहा महिन्यांनी दुसरे डॉक्टर चांगल्या मनानं तेच पुन्हा सुरू करतात. पट्ट्या मांडून मोजण्याचं काम सिस्टरचं, जुळवून पाहण्याचं फार्मासिस्टचं, निर्णय डॉक्टरांचा. प्रत्येकानं आपापल्या लॉगिननं खूण करायची.

ॲलर्जीच्या रकान्यात नुसतं औषधाचं नाव लिहून थांबू नका. काय झालं, किती वर्षांपूर्वी, औषध घेतल्यावर किती वेळानं, हे लिहा. जुलाब झाले तर तो दुष्परिणाम. अंगावर गांधी उठून ओठ सुजले, श्वास कोंडला तर ती ॲलर्जी. अमेरिकेत साधारण १० टक्के लोकांच्या केसपेपरवर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते आणि नीट तपासलं तर त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक जणांना ते औषध चालतं. मधल्या काळात त्यांना जास्त तीव्र किंवा कमी योग्य प्रतिजैविकं मिळत राहतात. हे सगळं एका अपुऱ्या शब्दामुळे होतं.

कॉपी-पेस्ट आणि तयार साचे

आजींचा केसपेपर मी नंतर मागे जाऊन वाचला. सूज सुरू झाल्यावरच्या पहिल्या दोन्ही भेटींत 'पाय: सूज नाही' असं लिहिलेलं होतं. कोणी खोटं लिहिलं नव्हतं. बीपीच्या भेटीचा तयार साचा उघडला की ते वाक्य आपोआप येत होतं, आणि ते खोडायला हवं हे गर्दीत कोणाच्या ध्यानात आलं नाही. त्या दिवसापासून आमच्या साच्यांत तपासणीचे रकाने रिकामे उघडतात. पाहिलं तर भरा, नाही पाहिलं तर रिकामं राहू द्या. रिकाम्या रकान्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

मागच्या भेटीची नोंद उचलून नवीनमध्ये चिकटवण्याचंही तसंच. अमेरिकेतल्या एका विद्यापीठ रुग्णालयातल्या दाखल पेशंटांच्या रोजच्या नोंदींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी १८ टक्के मजकूर हातानं टाइप केलेला होता, ४६ टक्के आधीच्या नोंदीतून कॉपी केलेला आणि ३६ टक्के सॉफ्टवेअरनं स्वतःच ओढून आणलेला. म्हणजे आज पेशंटबद्दल नवीन काय, हे शोधणाऱ्याला पाच भागांतला जेमतेम एक भाग कामाचा. आम्ही निष्कर्ष आणि पुढची योजना नोंदीच्या अगदी वर लिहितो, बाकी तपशील खाली. डॉक्टर बदलले तरी दुसऱ्याला पहिल्या चार ओळींत उत्तर मिळतं. योजनेत 'फॉलोअप' हा एकटा शब्द आमच्याकडे चालत नाही. कधी, कोणाकडे, काय पाहायला, हे हवं.

आणि लॉगिन ज्याचं त्यानंच वापरायचं. एकाच संगणकावर सकाळी एकानं पासवर्ड टाकला आणि दिवसभर सगळ्यांनी त्यावर नोंदी केल्या, असं गर्दीच्या दवाखान्यात सहज होतं. मग मी दिलेलं इंजेक्शन डॉक्टरांच्या नावावर दिसतं, आणि उद्या त्याबद्दल काही विचारायचं झालं तर चुकीच्या माणसाला विचारलं जातं.

सकाळची दहा मिनिटं

ओपीडी सुरू व्हायच्या आधी आम्ही सगळे एका पडद्यासमोर उभे राहतो. उभेच, म्हणजे लांबत नाही. दिवसभराची यादी वरून खाली पाहतो. कोणाचा रिपोर्ट अजून आला नाही, कोण रुग्णालयातून नुकतं घरी आलं, कोणाला जास्त वेळ लागेल, कोणाची लस राहिली आहे. ताईंना यातलं जे माहीत असतं ते सॉफ्टवेअरला माहीत नसतं. "त्या काकूंच्या घरी गेल्या आठवड्यात वाईट झालंय," एवढं त्या सांगतात आणि डॉक्टर त्यांच्यासाठी दुप्पट वेळ ठेवतात.

याच दहा मिनिटांत ठरतं की डॉक्टरांच्या आधी मी काय करून ठेवायचं. मधुमेहाचा पेशंट असेल तर एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) झाली का, पायांची तपासणी, वजन, बीपी, औषधांची पिशवी. हे मी डॉक्टरांना न विचारता करू शकते, कारण त्यांनी तसा लेखी स्थायी आदेश दिला आहे आणि तो सॉफ्टवेअरच्या साच्यात बसवलेला आहे. असा आदेश नसेल तर आधी तो लिहून घ्या. त्याशिवाय काम वाटून घेणं म्हणजे नुसतं एकमेकांवर ढकलणं होतं.

हे वाटून घेणं किती गरजेचं आहे, त्याचा एक आकडा माझ्या मनातून जात नाही. 'ॲनल्स ऑफ फॅमिली मेडिसिन'मध्ये २०१७ साली आलेल्या अभ्यासात अमेरिकेतले फॅमिली डॉक्टर ११.४ तासांच्या दिवसात ५.९ तास या सॉफ्टवेअरमध्ये घालवत होते, त्यांतले १.४ तास दवाखाना बंद झाल्यावर. नोंदी करता करता माणूस असा थकला की पेशंटकडे बघायला त्राण राहत नाही. आमच्याकडे गोळ्या पुन्हा भरून देण्याच्या विनंत्या आधी फार्मासिस्ट पाहतो, सर्वसाधारण आलेले रिपोर्ट ठरलेल्या मजकुरात मी कळवते, प्रमाणपत्रांचे अर्ज ताई भरून ठेवतात. डॉक्टरांच्या इनबॉक्समध्ये फक्त त्यांनीच ठरवायच्या गोष्टी जातात.

आठवड्यातून एकदा आम्ही यादी उलटी काढतो: जे आले नाहीत त्यांची. सहा महिन्यांत एचबीए१सी न झालेले, दाखल होऊन घरी आल्यावर न भेटलेले, तज्ज्ञांकडे पाठवले पण उत्तर आलं नाही असे. तुमचं सॉफ्टवेअर अशी यादी देत नसेल तर साध्या तक्त्यात ठेवा, पण तो तक्ता एकाच्याच नावावर असू द्या. पाठवणीचं पत्र गेलं म्हणजे पेशंट तिथे पोचला असं नाही, आणि पोचला तरी तिथलं उत्तर आपल्याकडे आलं असं नाही. आम्ही या तीनही पायऱ्यांवर वेगवेगळी खूण करतो. बाहेरून आलेलं उत्तर बहुतेकदा स्कॅन केलेल्या कागदाच्या रूपात येतं. त्यातली औषधं आणि निदान हातानं आपल्या याद्यांमध्ये उतरवावं लागतं, नाहीतर ते कागद 'जोडलेली कागदपत्रं' या टॅबमध्ये कायमचे झोपतात. आजींच्या ॲम्लोडिपिनचा कागद तिथेच होता.

सूचनांचा भडिमार

पडद्यावर उठणाऱ्या सूचना बंद करणं ही रोजची सवय होऊन बसते. २००६ सालच्या एका आढावा लेखात, औषधांच्या सुरक्षेच्या सूचनांपैकी ४९ ते ९६ टक्के सूचना डॉक्टर ओलांडून पुढे जातात असं आढळलं होतं. माणसं बेफिकीर असतात म्हणून हे होत नाही; दिवसातून पन्नास वेळा निरर्थक घंटा वाजली की एक्कावन्नावी ऐकू येत नाही. महिन्यातून एकदा डॉक्टर आणि फार्मासिस्टनी एकत्र बसून सर्वांत जास्त ओलांडलेल्या सूचना काढाव्यात आणि ज्या कधीच कामाच्या नसतात त्या सॉफ्टवेअरवाल्यांकडून बंद करून घ्याव्यात. काही मात्र अडवणाऱ्याच राहू द्या. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. चुकून 'रोज' लिहिलं गेलं तर जीव जाऊ शकतो. तिथे सॉफ्टवेअरनं हात धरून थांबवलं पाहिजे.

टाइप करणं थांबवायचं कधी

एकाच विषयावर दोन संदेश जाऊन आले आणि तरी उलगडा झाला नाही, तर तिसरा टाइप करू नका. उठून त्या खोलीत जा. मतभेद, पेशंटची तक्रार, घरातली भांडणं, 'मला यात काहीतरी बरोबर वाटत नाही' ही भावना, हे सगळं तोंडानं बोलायचं. बोलणं झाल्यावर ठरलं काय ते एका ओळीत केसपेपरवर लिहायचं. आणि सहकाऱ्यावरचा राग केसपेपरवर कधीही काढू नका. तो पेशंटचा आहे, आता पुष्कळ ठिकाणी पेशंट तो स्वतः वाचतोही. मी लिहिताना पडदा पेशंटकडे वळवते आणि लिहिलेली योजना मोठ्यानं वाचून दाखवते. अर्ध्याअधिक चुका पेशंटच दुरुस्त करतो: "नाही सिस्टर, ती गोळी मी रात्री घेतो."

वीज किंवा नेट गेलं तर काय, हेही ठरलेलं हवं. कोरे छापील फॉर्म, रोज सकाळी छापलेली दिवसाची यादी, आणि यंत्रणा परत आल्यावर कागदावरचं कोण भरणार त्याचं नाव. आमच्याकडे ते नाव त्याच यादीच्या वरच्या कोपऱ्यात असतं.

सुरुवात करायची असेल तर सोमवारी एकच गोष्ट करा. सात दिवसांहून जुनी, पूर्ण न झालेली कामं सॉफ्टवेअरमधून काढा आणि सगळ्यांनी मिळून एकेक वाचा. आम्ही पहिल्यांदा काढली तेव्हा एक्केचाळीस निघाली. त्यांतली बरीचशी झालेलीच होती, फक्त खूण राहिली होती. सहा खरोखर राहिलेली होती, आणि त्यांत एका मुलीचा थायरॉइडचा रिपोर्ट होता, जो तिला कोणी सांगितलाच नव्हता. मी तो माझ्या नावावर घेतला आणि तिथूनच तिला फोन लावला.